मुलांची पुस्तकं आणि गाण्यांचे अल्बम: खान्देशातल्या घरात काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

मुलांसाठी पुस्तक घेताना चित्रं नंतर बघा, आधी दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली, वाक्य संपता संपेना, तर पुस्तक परत ठेवा. घरी गेल्यावर ते कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. गाण्याचंही तेच. स्पीकर बंद केल्यावर पोर ते गाणं अंगणात, रिक्षात, आंघोळ करताना म्हणतं का, एवढंच बघायचं. आपल्याकडे ही कसोटी जरा जास्तच लागू पडते. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी, मोबाईलवर हिंदी, अशा तीन भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाला पुस्तक आधी ऐकू यावं लागतं, मग ते वाचता येतं.

या कसोटीवर पहिला नंबर बहिणाबाईंच्या गाण्यांचा, आणि त्या आपल्या असोद्याच्या आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या बहुतेक ओळी आठ अक्षरांच्या आहेत. 'अरे खोप्यामधी खोपा' आठ, 'सुगरणीचा चांगला' आठ, 'झोका झाडाले टांगला' तीही आठ. पहिली-दुसरीतल्या मुलाला बोटांवर मोजायला लावा, त्याला छंद म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळतं. अक्षर कमी पडलं की टाळी चुकते आणि चूक त्याची त्यालाच सापडते. पाठ करायला याहून सोपी मराठी कविता मला माहीत नाही.

ऐकण्यासाठी दोन रेकॉर्डिंग्ज लक्षात ठेवा. एक 1961च्या 'मानिनी' चित्रपटातली, वसंत पवारांचं संगीत आणि सुमन कल्याणपूरांचा आवाज. दुसरी यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी गायलेली. 'मानिनी'तल्या चाली तोंडात लगेच बसतात, त्यामुळे सुरुवात तिथून करावी. पण मूल एकदा गुणगुणायला लागलं की केळकरांच्या गाण्यांकडे वळावं. त्यात 'बिना कपाशीनं उले'सारख्या कमी ऐकलेल्या रचना आहेत आणि शब्द आधी, वाद्यं मागे असा तोल आहे. कापसाच्या मुलखातल्या मुलाला बोंड उलणं समजावून सांगावं लागत नाही, ही आपली जमेची बाजू.

पुस्तक मात्र पारखून घ्या. 'बहिणाबाईची गाणी' 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. बहिणाबाई 1951 साली गेल्या, साठ वर्षांची मुदत उलटून कॉपीराइट संपला, आणि आता कुणीही छापतं. स्वस्त आवृत्त्यांत बोली 'दुरुस्त' केलेली सापडू शकते. तपासायची खूण सोपी आहे: 'खोप्यामधी खोपा' ही कविता उघडा आणि 'झाडाले' आहे का बघा. तिथे 'झाडाला' असेल तर पुस्तक घेऊ नका. 'संसार'मध्ये 'मियते भाकर' असायला हवं. 'मिळते' असेल तर कुणीतरी हात फिरवलाय. ळ चा य करणं ही या बोलीची चाल आहे, डोळ्याचा डोया होतो तसाच. तो पुसून टाकला की जळगाव-यावल-रावेरकडच्या मुलाला पुस्तकात स्वतःच्या आजीचा आवाज सापडत नाही, आणि मग उरलेल्या पुस्तकाचं त्याला काय? मागे शब्दार्थ दिलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेल्या भाचरांनाही ती चालते.

धुळे, नंदुरबार, साक्री, शिरपूरकडच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोलीच्या घरातली आहे, ती अहिराणी नव्हे. दोन्हीत 'मले, तुले' आहे, पण क्रियापदं वेगळी पडतात. अहिराणी म्हणून ती शिकवली तर मूल घरच्या बोलीशी ताडून बघतं आणि गोंधळतं. 'ही शेजारची बोली, बघ आपल्याशी किती जुळते' असं सांगितलं की त्याच गोंधळाचा खेळ होतो.

'खोपा' ऐकवायची खरी वेळ पावसाळ्यात. विहिरीच्या काठावरच्या बाभळीला तेव्हा सुगरणीचे खोपे लटकलेले असतात, काही अर्धवट विणलेले, हेल्मेटसारखे उघडे. चौकस मूल एक प्रश्न विचारेल: खोपा विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा का? कारण विणतो तो नर. मादी खोपा पसंत करते आणि मग आतलं अस्तर करते. गाण्यात 'तिनं' आहे, आणि तसंच राहू द्यावं. कविता आणि पक्षी दोन्ही एकाच दुपारी दाखवता येतात.

बालकवींबद्दल एक सावधगिरी. धरणगावचे, जळगावला 1907 साली झालेल्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळालेले, म्हणून त्यांचा समग्र संग्रह मुलांना भेट दिला जातो. तो मुलांचा संग्रह नाही. 'औदुंबर' आठच ओळींची आहे, पण तिच्यातली उदासी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती लागत नाही. 'आनंदी आनंद गडे' मोठ्यानं म्हणायला उत्तम, 'फुलराणी' दोघांनी वाटून वाचायला छान. बाकीचं पुस्तक घरातल्या मोठ्यांसाठी ठेवा.

आता बालगीतं. 1953च्या 'देवबाप्पा'तलं 'नाच रे मोरा' (गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, आशाबाईंचा आवाज) आणि मीना खडीकरांच्या चालींची 'सांग सांग भोलानाथ', 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' ही गाणी अजून मागे पडलेली नाहीत. खडीकरांच्या गाण्यांत आवाज खरोखर मुलांचे आहेत, आणि म्हणून आपल्या मुलांना ती सहज जमतात. 'नाच रे मोरा' मात्र मुलांना मूळ पट्टीत झेपत नाही. अंतऱ्यात आवाज ताणला जातो, मान वर होते, गळ्याच्या शिरा दिसतात. पेटीवर सा दोन-तीन पट्ट्या खाली घ्या, गाणं तेच राहतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मूळ ट्रॅक लावून पोरांना वरून गायला लावतात तेव्हा हेच बिघडतं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मिळणारी फाईल. बाजारात हजारो गाणी भरून मिळणाऱ्या मेमरी कार्डांवर नावं चुकीची असतात, सुरुवातीचं संगीत कापलेलं असतं आणि जागा वाचवायला आवाज इतका दाबलेला असतो की स, श आणि च एकसारखे फुसफुसतात. उच्चार शिकणाऱ्या मुलाला हे अजिबात ऐकवू नये. इंटरनेटवर चढवलेल्या काही गाण्यांचा वेग मुद्दाम किंचित वाढवलेला असतो, हक्कांच्या तपासणीत पकडलं जाऊ नये म्हणून. ओळखायचं कसं? कंपनीच्या अधिकृत चॅनलवरच्या गाण्याची लांबी बघा आणि आपल्याकडची ताडून बघा. पाच-दहा सेकंदांचा फरक सुरुवात-शेवट कापल्यानंही पडतो, पण लांबी कमी आणि आवाजही बारीक झालेला असेल तर पट्टी सरकलीय, पेटीशी जुळणार नाही. जुन्या तबकड्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे त्या काळचं गाणं सहा मिनिटांचं दिसलं तर ते रीमिक्स समजा.

स्पीकरचंही बघायला हवं. हल्लीच्या स्वस्त ब्लूटूथ स्पीकरांत खालचा ठोका फुगवलेला असतो. लग्नाच्या गाण्यांना ते चालत असेल, बालगीतात ढोलकी शब्दांवर चढते. बास बूस्टचं बटण असेल तर बंद करा, नसेल तर स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून उचलून खोलीच्या मध्ये स्टुलावर ठेवा. कोपरा ठोका वाढवतो. एवढ्यानंही शब्द सुटे होतात.

नव्या अल्बमांत संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचा 'अग्गोबाई ढग्गोबाई' हाच मला टिकाऊ वाटतो. शीर्षकगीत पावसाचं, आणि आपल्याकडे पावसाची वाट बघण्यात जून जातो, त्यामुळे मुलं ते आभाळाकडे बघत म्हणतात. शब्दांतली गंमत आजच्या घरातली आहे, उपदेश जवळजवळ नाही. 'दूरदेशी गेला बाबा' मात्र जपून लावा. सुरतेला, पुण्याला कामासाठी गेलेले बाप आपल्याकडे गावोगाव आहेत. ज्या घरात बाबा महिनोन्‌महिने नसतो त्या घरातलं सहा वर्षांचं मूल हे गाणं झोपताना ऐकून गप्प होतं. गाणं चांगलं आहे, फार चांगलं आहे. ते दिवसा, कुणीतरी जवळ बसलेलं असताना ऐकावं.

'शिवकल्याण राजा' (1974, हृदयनाथ मंगेशकर आणि लताबाई) मूल दहा वर्षांचं झाल्यावर. आधी 'वेडात मराठे वीर दौडले सात' ऐकवा, त्यात गोष्ट आहे. 'इंद्र जिमि जंभ पर' ब्रज भाषेत आहे, अर्थ न सांगता लावलं तर मुलं ते नुसतं आवेशात ओरडतात. 'गीतरामायण' छप्पन्न गाण्यांचं; एका बैठकीत नको, रोज एक.

पुस्तकांकडे येऊ. तीन ते आठ वयासाठी माधुरी पुरंदरे यांच्यापुढे जाणारं मराठीत कुणी मला दिसत नाही. 'चित्रवाचन'मध्ये मजकूर वाचायचा नसतोच, भरगच्च चित्रं वाचायची असतात. इथे पालक चुकतात ते असे: पान उघडलं की 'हे काय? ते काय?' अशी परीक्षा सुरू करतात. तसं करू नका. एका पानावर पाच मिनिटं गप्प बसा. मूल आपणहून बोलेल, आणि ज्या बोलीत बोलेल त्याच बोलीत बोलू द्या. मजकूरच नाही म्हटल्यावर भाषा चुकायचा प्रश्न येत नाही. अहिराणी बोलणाऱ्या घरासाठी हे पुस्तक म्हणूनच फार मोलाचं आहे. 'राधाचं घर' आणि 'यश' हे संच त्यानंतर घ्या. वाक्यं छोटी, बोलण्यातली, आणि प्रसंग रोजचे. 'बाबांच्या मिश्या' वाचताना आवाज बदलायला भरपूर वाव आहे. पात्रं शहरी मध्यमवर्गीय आहेत हे खरं, फ्लॅट आणि सोसायटी आहे. गावातल्या मुलाला त्याची अडचण होत नाही, त्याला राधाचा रुसवा कळतो.

मोठ्या मुलांसाठी त्यांचंच 'वाचू आनंदे', बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन भाग. मराठीतले निवडक उतारे आणि सोबत भारतीय चित्रकला. सलग वाचू नये, विषय धरून उघडावं. 'लिहावे नेटके' हे लेखनाच्या सरावाचं पुस्तक. यातली उत्तरं वेगळ्या पुस्तकात आहेत, ती मुलाच्या हाती पहिल्या दिवशी देऊ नका. आठवड्याला दोन पानं पुरे. रोज दहा पानं करून घेणाऱ्या घरांत ते महिनाभरात बंद पडतं, कारण मग ते गाईड होतं.

विंदा करंदीकरांच्या बालकविता, 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ', या मोठ्यानं वाचण्यासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. 'पिशीमावशी' दिवे गेल्यावर वाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा गच्चीवर बॅटरीच्या उजेडात याहून चांगलं काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र एका वेळी एकच कविता, आणि शेवटी एखादी हसायची.

'श्यामची आई' बद्दल जरा सविस्तर, कारण प्रत्येक घरात ते असतं आणि बहुतेक घरांत अर्धं वाचलेलं असतं. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, 'विद्यार्थी' मासिक काढत होते. पुस्तक लिहिलं ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, पण रात्री मुलांना गोळा करून सांगण्याची जी रीत त्यात आहे ती छात्रालयातल्या माणसाची आहे. म्हणून ते एकट्यानं वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. यातल्या प्रत्येक प्रकरणाला 'रात्र' म्हटलंय; एका रात्रीला दहा ते पंधरा मिनिटं लागतात.

या पुस्तकाचाही कॉपीराइट संपलेला आहे, त्यामुळे आवृत्त्या ढिगानं. अनुक्रमणिका उघडा आणि किती रात्री आहेत ते मोजा: बेचाळीस हव्यात. कमी असतील तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे, मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं असो वा नसो. मग अक्षर बघा. स्वस्त आवृत्तीत ओळी इतक्या दाटलेल्या असतात की रात्रीच्या उजेडात वाचणाऱ्याचं बोट ओळीवरून घसरतं. दोन ओळींत करंगळीच्या नखाइतकी तरी मोकळी जागा हवी. क्रमानं वाचायचा हट्ट धरू नका. 'मुकी फुले', 'थोर अश्रू', 'पत्रावळ' यांनी सुरुवात करा. पळसाची पानं आपल्याकडे मिळतात. 'पत्रावळ' वाचून झाली की एक टाचून बघावी, पहिल्या पाच तरी फाटतात. आजारपणाच्या आणि मृत्यूच्या रात्री नऊ-दहा वर्षांनंतर. कोकणातले शब्द आणि श्लोक अडतात तिथे थांबून व्याख्यान देऊ नये, अर्थ एका शब्दात सांगून पुढे जावं.

नऊ ते बारा वयासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वीस पुस्तकं, क्रम पाळला नाही तरी चालतं, कुठल्याही एकापासून सुरू करा. मुलगा वाचत नाही अशी तक्रार असेल तर पहिलं प्रकरण तुम्ही वाचा आणि ऐन संकटात पुस्तक मिटून उठा. 'तोत्तोचान' (नॅशनल बुक ट्रस्ट, अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी) पालकांनी आधी वाचावं. प्रकरणं दोन-तीन पानांची, झोपताना वाचायला नेमकी. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा ही कल्पना भुसावळच्या मुलांना जितकी लगेच दिसते तितकी कुणालाच दिसत नसेल.

बांधणी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुस्तक मधोमध उघडा. दोरा दिसला तर शिवण आहे, दहा वर्षं बघायला नको. पिना असतील तर पातळ पुस्तकाला चालतात, फक्त पावसाळ्यात गंजतात. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसवर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून वर. डिंक सुकून कडक होतो, आणि जूनमध्ये उघडलं की पानं गठ्ठ्यानं बाहेर येतात. दुरुस्ती घरी होते. सुटलेली पानं ठोकून सारखी करा, पाठीला ब्रशनं फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, वर सुती कापडाची पट्टी, आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. जाड थर दिला तर आतल्या पानांत उतरतो आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही. सेलोटेप कधीही लावू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचं पान धरून ठेवतो. स्टँडवर मिळणारी चकचकीत रंगीत पुस्तकं मी घेऊच नका म्हणेन. प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो ही गोष्ट वेगळी, आत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात आणि मूल त्या तशाच शिकतं.

अहिराणीत मुलांसाठी ऐकायला काय? बाजारात गाणी पुष्कळ, पण ती लग्नातल्या नाचाची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गौराईची गाणी, कानबाईची गाणी घरातल्या आज्यांकडे आहेत, ती फोनवर घ्या. पंखा बंद करा, पत्र्याच्या खोलीत बसू नका, आवाज घुमतो. गोधड्या रचलेली खोली सगळ्यांत चांगली. फोन हातभर अंतरावर, जमिनीवर नको, उशीवर ठेवा. गाणं संपलं की लगेच बंद न करता शब्दांचे अर्थ विचारा आणि तेही त्याच फाईलमध्ये येऊ द्या. फाईलला गाण्याची पहिली ओळ, गाव आणि सण एवढं नाव द्या, नाहीतर पुढच्या आखाजीला काहीच सापडत नाही. 'आथानी कैरी तथानी कैरी' प्रत्येक गावात थोडं वेगळं आहे. दोन आज्यांकडून दोनदा घ्या, कुणाचंही चूक समजू नका.

खर्च करायचाच नसेल तर 'किशोर' मासिक. बालभारती 1971 पासून काढते, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अख्खा अंक छापून घेऊ नका, शाई आणि कागद दोन्ही वाया जातात. एक गोष्ट निवडा, पान आडवं करून दोन-दोन पानं शेजारी छापा, मध्ये दुमडून दोरा घाला. मोठ्यानं वाचायला सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक घ्या.